शिंगाचे फाटे मोजून हरणाचं वय कळतं का?

सफारीच्या जिप्सीत हा संवाद हमखास कानावर पडतो. समोर मोठ्या शिंगांचा चितळ उभा राहतो, मागच्या सीटवरचे कुणीतरी काका फाटे मोजतात आणि जाहीर करतात, "इकडे तीन, तिकडे तीन, म्हणजे सहा वर्षांचा आहे बघा." गाइड बोलका असला तर तो दुरुस्ती करतो. नसला, तर संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर फोटोखाली 'वय ६ वर्षे' असं छापून येतं.

चितळाच्या बाबतीत हा हिशेब मुळातच बसत नाही. पूर्ण वाढलेल्या चितळाच्या प्रत्येक शिंगाला साधारणपणे तीनच टोकं असतात: कपाळालगत पुढे आलेला एक फाटा, आणि वर जाऊन मुख्य दांड्याची झालेली दोन. कधीकधी बुडाशी एखादं जास्तीचं बारकं टोक फुटतं, एवढंच. सांबराचंही तेच. पाच वर्षांच्या सांबराला जेवढे फाटे, तेवढेच दहा वर्षांच्यालाही. ज्यांना खूप फाटे फुटतात त्या कान्हातल्या बारशिंग्याचं किंवा युरोपातल्या तांबड्या हरणाचं वयही फाट्यांवरून सांगता येत नाही. वय पाहायचं ते दातांत. जिवंत जनावराच्या दातांची झीज पाहून अंदाज बांधतात. मेलेल्याचा दात कापून मुळावर दरवर्षी साचणारे सिमेंटम या हाडासारख्या पदार्थाचे थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, ही त्यातल्या त्यात खात्रीची पद्धत.

मग शिंगात वय अजिबात दिसत नाही का? दिसतं, पण ते जाडीत, लांबीत आणि वजनात. तेही एकटं नाही, खाणं आणि आनुवंशिकता यांच्यात मिसळलेलं. या तिघांना एकमेकांपासून वेगळं कसं काढायचं, यावर जगभरच्या हरीण-अभ्यासकांनी अक्षरशः दशकं घालवली आहेत.

आधी शिंग म्हणजे काय ते बघू. काळवीट, चिंकारा, नीलगाय, चौशिंगा ही कुरंग गटातली जनावरं. यांचं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर केराटिनची खोळ, आपली नखं ज्या पदार्थाची असतात त्याच पदार्थाची. हे शिंग जन्मभर टिकतं आणि हळूहळू वाढत राहतं. चितळ, सांबर, भेकर ही सारंग कुळातली. यांचं शिंग म्हणजे निव्वळ भरीव हाड, आणि ते ठरावीक काळाने गळून पुन्हा नव्याने येतं. सारंग कुळात शिंगं फक्त नरांना असतात. अपवाद रेनडिअरचा, तिथे मादीलाही असतात.

नर पाडस वयात येऊ लागलं की टेस्टोस्टेरॉन या अंडकोशात बनणाऱ्या हार्मोनच्या प्रभावाखाली त्याच्या कपाळाच्या हाडावर दोन खुंट्या उगवतात. या खुंट्या कायमच्या. शिंग येतं ते खुंटीवर आणि गळतं तेही खुंटीपासून. खरी करामत आहे खुंटीच्या जागी हाडावर असलेल्या पेरिऑस्टियम नावाच्या पातळ आवरणात. १९७०च्या दशकात संशोधकांनी लहान नराच्या कपाळावरचा या आवरणाचा तुकडा काढून त्याच्याच पुढच्या पायाच्या कातडीखाली बसवला. त्या पायावर शिंग उगवलं! म्हणजे शिंगाचा आराखडा डोक्यात किंवा रक्तात कुठे नसून त्या एवढ्याशा चकतीत असतो. पुढे हे प्रयोग अनेकांनी, वेगवेगळ्या जातींवर करून पाहिले आणि निष्कर्ष टिकला.

वाढणारं शिंग हात लावला तर ऊबदार लागतं. वर बारीक लव असलेली कातडी, तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचं दाट जाळं. यालाच जंगलात 'व्हेल्वेटमध्ये आहे' म्हणतात. टोकाशी आधी कूर्चा तयार होते, मग तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरत जाऊन हाड बनतं. सस्तन प्राण्यांच्या शरीरात याच्याइतक्या वेगाने वाढणारं दुसरं हाड नाही. मोठ्या जातींत ऐन भरात दिवसाला दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ होते. या काळात नर शिंगांना फार जपतो, झुडपांतून मान वळवून वळवून चालतो, भांडण झालंच तर पुढच्या पायांनी भागवतो. मग टेस्टोस्टेरॉन चढतं, शिंग पक्कं होतं, रक्तपुरवठा थांबतो आणि वाळलेली कातडी नर झाडाच्या खोडावर घासून काढतो. खोडावरची साल गेलेली दिसते ती त्यामुळे. माजाचा हंगाम संपून टेस्टोस्टेरॉन उतरलं, की खुंटी आणि शिंग यांच्यामधलं हाड विरघळतं आणि शिंग पडतं.

म्हणून शिंगाचा आणि अंडकोशाचा संबंध थेट आहे. खुंट्या येण्याआधी खच्ची केलेल्या नराला शिंगं येतच नाहीत. टणक शिंगं असताना खच्ची केलं तर ती काही आठवड्यांत गळतात. नंतर जी येतात ती कायम व्हेल्वेटमध्येच राहतात, पक्की होत नाहीत. खच्ची केलेल्या नरांच्या शिंगांबद्दलची निरीक्षणं ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवली आहेत. हार्मोन हा शब्द जन्मायला तेव्हा दोन हजारांहून जास्त वर्षं अवकाश होता.

हे चक्र कधी सुरू करायचं ते थंड प्रदेशातल्या जातींत दिवसाच्या लांबीवरून ठरतं. रिचर्ड गॉस या अमेरिकन शास्त्रज्ञाने सिका हरणांना कृत्रिम प्रकाशात ठेवून वर्ष 'आखूड' केलं, तर नरांनी एका वर्षात दोन-तीनदा शिंगं गाळून नवी आणली. उलट बारा तास उजेड, बारा तास अंधार असं वर्षभर एकसारखं ठेवलं, तर शिंगं बदलणंच थांबलं. आपल्याकडचा चितळ यापेक्षा सैल वेळापत्रकाचा. मध्य भारतात उन्हाळ्याच्या सुमारास बहुतेक नरांची शिंगं टणक असतात खरी, पण एकाच कळपात एक नर व्हेल्वेटमध्ये, दुसरा पक्क्या शिंगांचा आणि तिसरा नुकताच बोडका झालेला, असं दृश्य ताडोब्यात किंवा पेंचमध्ये सहज दिसतं. सांबर जास्त शिस्तीचा: हिवाळ्याच्या तोंडाशी माज, उन्हाळ्यात शिंगं गळणार, पावसाळ्यात नवी. हे सांगायचं कारण असं की चितळाचं आखूड शिंग पाहून 'लहान आहे अजून' म्हणण्याआधी त्यावर व्हेल्वेट आहे का ते बघावं. सात वर्षांचा नरही दरवेळी काही आठवडे आखूड शिंगांचा असतो.

आता वय. पहिल्या वेळी बहुतेकदा येतात ते नुसते सुळे, म्हणजे फाटा नसलेली दोन सरळ टोकं. दुसऱ्या खेपेपासून फाटे दिसू लागतात आणि पुढच्या काही वर्षांत शिंग लांब, जाड आणि जड होत जातं. सगळ्यात जास्त मोजमापं झाली आहेत ती अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणावर, कारण तिथे शिकाऱ्यांना मोठी शिंगं हवी असतात आणि या संशोधनाला पैसा मिळतो. ढोबळ आकडे असे: दीड वर्षाच्या नराचं शिंग त्याच्या आयुष्यातल्या कमाल आकाराच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश, अडीच वर्षांचं साठ टक्क्यांच्या आसपास, साडेतीनला पाऊणपट, साडेचारला नव्वद टक्के. कमाल येते पाच ते सात वर्षांच्या दरम्यान. तांबड्या हरणात ती आणखी उशिरा येते.

एवढा उशीर का, याचं उत्तर घरच्या बजेटसारखं सरळ आहे: आधी शरीर, मग शिंग. पहिली तीन-चार वर्षं नराचा सांगाडा आणि स्नायू वाढत असतात, आणि उरलेल्यातून शिंग येतं. वाढ थांबल्यावर तोच खुराक शिंगाकडे वळतो. मोठा नरही शिंगाला लागणारं सगळं कॅल्शियम रोजच्या चाऱ्यातून मिळवू शकत नाही. तो ते स्वतःच्या हाडांतून उसनं घेतो, विशेषतः फासळ्यांमधून. शिंग भरण्याच्या काळात फासळ्या ठिसूळ होतात आणि शिंग पक्कं झाल्यावर हळूहळू पूर्ववत भरतात. माणसाला म्हातारपणी होणारा ऑस्टिओपोरोसिस हरीण दरवर्षी ओढवून घेतं आणि त्यातून बरंही होतं. हाडांच्या आजारांवर काम करणाऱ्यांचं लक्ष हरणांकडे गेलं ते यामुळे.

उतारवयात शिंग पुन्हा घसरतं. दात झिजलेले असतात, चारा नीट चावला जात नाही, वजन उतरतं. वरची टोकं आखूड होतात, फाटे कमी होतात, आकार वेडावाकडा होतो. त्यामुळे एखादं बेताचं शिंग तरुण नराचं असू शकतं तसंच म्हाताऱ्याचंही. अशा वेळी मी शिंग सोडून मान आणि पाठ बघतो. भरलेली जाड मान, खाली लोंबलेलं पोट आणि पाठीचा बाक असलेला नर पोरसवदा नसतो.

वेडावाकड्या आकाराला दुसरंही कारण असतं आणि ते फार चमत्कारिक आहे. व्हेल्वेटमध्ये असताना शिंगाला इजा झाली तर ते वाकडं वाढणार हे उघड आहे. पण काही नरांत ते शिंग गळून गेल्यावर पुढच्या वर्षी आलेलं नवं शिंगही त्याच जागी वाकडं असतं, जणू जखम आठवत असावी. मागच्या पायाला मोठी दुखापत झाली तर बऱ्याचदा विरुद्ध बाजूचं शिंग बिघडतं. पाय डावा, शिंग उजवं! याची कारणं पूर्णपणे उलगडलेली नाहीत. मज्जासंस्थेचा हात असावा असं मानतात. सांगायचा मुद्दा, एका बाजूचं शिंग विचित्र दिसलं की 'खानदानच तसं' म्हणायची घाई करू नये. आनुवंशिक दोष असेल तर तो सहसा दोन्ही बाजूंना दिसायला हवा.

खानदानाचा विषय निघालाच आहे, तर त्यातही दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. एक, शिंग कसं असावं. दोन, ते केवढं असावं.

पहिल्याचं उत्तर जवळपास पूर्ण जनुकांत आहे. चितळाला कितीही चांगलं खायला घाला, त्याला बारशिंग्याचं शिंग येणार नाही. शिंग असावं की नसावं हेही जनुकच ठरवतं. २०१९ मध्ये रवंथ करणाऱ्या अनेक प्राण्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात दिसलं की शिंगं नसलेलं चिनी जलहरीण आणि शिंगं नसलेला कस्तुरीमृग या दोन दूरच्या शाखांत आरएक्सएफपी२ हे एकच जनुक स्वतंत्रपणे निकामी झालं आहे. त्याच कामात आणखी एक गोष्ट पुढे आली. शिंगाच्या पेशी ज्या झपाट्याने वाढतात, त्यात हाडाच्या कर्करोगात सक्रिय होणारी काही जनुकं कामाला लागलेली असतात आणि सोबत कर्करोगाला आवर घालणारी जनुकंही जोरात असतात. म्हणजे गाठीच्या वेगाने वाढायचं, पण वेळेवर थांबायचं.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे आकाराचं, उत्तर इतकं सोपं नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला रम नावाचं बेट आहे. तिथल्या उत्तर भागातलं एकेक तांबडं हरीण अभ्यासकांना ओळखीचं आहे. कोण कधी जन्मलं, आई कोण, जनुकीय तपासणीवरून बाप कोण, कुणाची किती पिल्लं जगली, सगळ्याची नोंद. १९७२ पासून तिथे केंब्रिज आणि नंतर एडिंबरा विद्यापीठाच्या लोकांनी हे काम चालवलं, आणि दर वसंतात गळलेली शिंगं गोळा करून तोलली. लोएस्के क्रूक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्या नोंदींचा हिशेब मांडला. शिंगांच्या वजनातल्या फरकापैकी सुमारे एक तृतीयांश फरक आनुवंशिक निघाला. जड शिंगांच्या नरांची पिल्लंही जास्त होती. या दोन गोष्टी खऱ्या असतील तर पिढ्यांमागून पिढ्या शिंगं वाढत जायला हवीत. प्रत्यक्षात तीस वर्षांत ती वाढली नाहीत, उलट थोडी उतरली. कारण शिकार बंद झाल्यावर हरणं वाढली आणि प्रत्येकाच्या वाट्याला गवत कमी आलं.

मग मोठ्या शिंगांचा फायदा गेला कुठे? संशोधकांचं उत्तर असं, की ज्या नराला लहानपणापासून चांगलं खायला मिळालं तो धडधाकट झाला. धडधाकट म्हणून शिंगं मोठी, आणि धडधाकट म्हणूनच माद्या जास्त. शिंगं वाढवणारी जनुकं आणि पिल्लं वाढवणारी जनुकं यांचा आपसात संबंध सापडला नाही. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेला. पुढे २०२२ मध्ये रमच्याच हरणांचे जनुकसंच तपासले गेले. त्यात 'मोठ्या शिंगाचं जनुक' असं एक काही हाती लागलं नाही. अनेक जनुकं, प्रत्येकाचा वाटा बारीकसा.

एक तृतीयांश आनुवंशिक म्हणजे एका हरणाच्या शिंगाचे तीन तुकडे करून एक जनुकांच्या नावावर लिहायचा, असं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. तो आकडा त्या बेटावरच्या त्या काळातल्या हरणांमधल्या फरकांचा आहे. सगळ्यांना सारखा खुराक मिळाला तर जो फरक उरेल त्यात जनुकांचा वाटा मोठा दिसेल. काहींना भरपूर आणि काहींना तुटपुंजा मिळाला तर तोच वाटा कमी दिसेल. जनुकं तीच.

यात आईचाही हिस्सा असतो आणि तो निव्वळ जनुकांपुरता नसतो. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागातली पांढऱ्या शेपटीची हरणं अंगाने लहान आणि शिंगांनी बेताची. पूर्वेकडच्या सपाट, सुपीक शेतीच्या भागातली थोराड. लोक म्हणायचे, जातच वेगळी. केव्हिन मॉन्टीथ आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडची पाडसं आणून एकाच ठिकाणी, एकाच उत्तम खुराकावर वाढवली. डोंगरी नर तरीही मागेच राहिले. इथे थांबले असते तर 'जात वेगळी' हेच सिद्ध झालं असतं. पण त्यांनी त्याच आवारात पुढची पिढी वाढू दिली. चांगल्या खुराकावर वाढलेल्या डोंगरी माद्यांच्या पोटी आलेले नर मात्र अंगाने आणि शिंगांनी पूर्वेकडच्यांच्या जवळपास पोचले. पहिल्या पिढीला मागे ठेवलं होतं ते आईच्या गर्भारपणातल्या आणि दुधातल्या कमतरतेनं. २००९ मध्ये हा अभ्यास छापून आला. दुष्काळात जन्मलेल्या नराच्या शिंगावर त्या दुष्काळाची छाया पुढे सगळी वर्षं राहू शकते, असा त्याचा अर्थ.

शिकाऱ्यांच्या दुनियेत मात्र 'खराब रक्त काढून टाका' ही कल्पना फार रुजली आहे. टेक्सासमध्ये वाद पेटला तो सुळेवाल्या नरांवरून: दीड वर्षांचा झाला तरी फाटा नाही, तो पुढेही हलकाच राहणार, म्हणून त्याला मारावं की ठेवावं? तिथल्या 'कर' नावाच्या वन्यजीव क्षेत्रात १९७४ पासून कुंपणात झालेल्या प्रयोगांत, एकाच खुराकावर, सुळेवाले सरासरीने पुढेही मागे राहिले. दक्षिण टेक्सासच्या मोकळ्या रानात खुणा बांधून सोडलेल्या नरांत मात्र साडेचार वर्षांचे होईतो फरक जवळजवळ पुसला गेला. रानातले बरेच सुळेवाले हे नुसते उशिरा जन्मलेले असतात, किंवा त्यांची आई अशक्त असते. पुढे दक्षिण टेक्सासच्या कोमांची रँचवर तर हजारो एकरांत बरीच वर्षं कमी शिंगांचे नर निवडून मारले गेले, आणि शेजारी तुलनेसाठी न मारलेला भागही ठेवला. शिंगांत सुधारणा दिसली नाही.

न दिसण्याची कारणं आता ओळखीची वाटतील. निम्मी जनुकं मादीकडून येतात आणि मादीच्या डोक्यावर शिंगच नसल्याने तिची पारख करता येत नाही. पाऊस कमी झाला की चांगल्या जनुकांचा नरही खराब शिंगं काढतो. त्यात पितृत्वाच्या जनुकीय तपासण्यांतून असंही दिसलं, की जवळपास एक तृतीयांश पाडसांचे बाप दीड-अडीच वर्षांचे नर असतात, म्हणजे ज्यांची शिंगं अजून पूर्ण भरलेली नाहीत असे. हरीण पाळणाऱ्या अमेरिकी फार्मवर मात्र निवड करून जंगलातल्या विक्रमांहून अवाढव्य शिंगं तयार झाली आहेत. तिथे मादीची निवड तिच्या बापावरून आणि भावांवरून करता येते, खुराक पोत्यातून येतो, आणि निवडलेल्या नराला वाढायला पुरेसा वेळ मिळतो.